घरटी एक माणूस

मोरेश्वर काका रोज सकाळी शेतातलं पाणी चाखायचे. लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावरून खाली उतरायचे, चिखलात पाय रोवायचे, दोन बोटं पाण्यात बुडवून जिभेला लावायचे आणि डोळे मिटून जरा वेळ उभे राहायचे. मग थुंकून म्हणायचे, "गोडं हाय." एवढं ऐकलं की आजूबाजूच्या शेतांतली माणसं निर्धास्त होऊन आपापल्या कामाला वाकायची. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांच्यासारखंच करून पाहिलं होतं. मला नुसता चिखल लागला. काका हसून म्हणाले, "तुझी जीभ अजून बिस्किटाची हाय गो. तिला खाडी कललीच न्हाय."

आमचं गाव खारबावच्या पलीकडे, खाडीला चिकटून. गावाची भाताची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये फक्त मातीचा बांध, आणि त्या बांधात एक उघाडी, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरती आली की फळ्या लावायच्या, ओहोटी लागली की काढायच्या. म्हणजे खाडीचं खारं पाणी आत येत नाही आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही. उघाडीला लागून मोरेश्वर काकांचं शेत होतं. बावीस घरांच्या शेतांतलं पाणी त्यांच्या शेताच्या कडेच्या चरातून उघाडीपर्यंत जायचं. त्यामुळे फळ्या लावण्या-काढण्याचं काम त्यांच्याकडे, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांकडे होतं. ते आमच्या भावकीतले नव्हते. तरी सगळ्या गावाचे काका होते.

पावसाआधी बांधाला माती घालायची असली की काका देवळासमोर उभे राहून हाक द्यायचे, "घरटी एक मानूस!" दुसरं काही बोलायचे नाहीत. कुठे, कशाला, किती वेळ, हे विचारायची गावात पद्धत नव्हती. ज्या घरात पुरुष नसेल त्या घरातून बाई टोपली घेऊन निघायची. कोणी उशीर केला तर काका त्याला सगळ्यांदेखत म्हणायचे, "ये जावई, ये. पाट मांडू का?" पुढच्या वेळी तो माणूस सगळ्यांच्या आधी यायचा.

एका श्रावणात, उधाणाच्या दुपारी, बांधाला भोक पडलं. खेकड्याच्या बिळापासून सुरू झालेलं, बघता बघता घागरीएवढं झालं. माणसं माती आणायला धावली. तोवर काका त्या भोकात पाठ लावून बसले. छातीपर्यंत पाणी, मागून खाडीचा जोर. माझे बाबा समोर माती टाकत होते आणि ओरडत होते, "मोरेश्वर, ऊठ, मरशील!" काका दात खात म्हणाले, "तू माती टाक. मी काय तुझ्या घरी जेवायला बसलो न्हाय." संध्याकाळी त्यांच्या पाठीवर सालटं निघालेली होती. ओटीवर पालथे पडून ते आम्हा मुलांना सांगत होते, "खाडीला मानूस दिसत न्हाय, पोरांनो. तिला भोक दिसतं. बांध एकट्याचा नसतो, फुटतो मात्र एकट्याच्याच शेतासमोर."

हे सगळं आधी सांगते आहे, कारण पुढचं वाचल्यावर वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस पहिल्यापासून तसाच असणार. तो तसा नव्हता. निदान मला तरी तसं म्हणवत नाही.

बारावीनंतर मी कॉलेजला जाऊ शकले तीही त्यांच्यामुळेच. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबांना तर सहीसुद्धा येत नाही. उन्हाळ्यात ते भिवंडीत कापडाच्या लूमवर शिफ्ट करायचे, पावसाळ्यात शेत. "पोरगी शिकून काय करनार?" ते म्हणाले, तेव्हा काका आमच्या पडवीत चहा पीत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "दामा, शेत आपल्याला कलतं, पन कागद कलत न्हाय. आता शेताचं जे काय व्हायचं ते कागदावरच व्हनार. कागदाशी बोलनारं एक मानूस घरात हवं." दुसऱ्या दिवशी माझ्या प्रवेशाच्या रांगेत ते स्वतः उभे होते, खांद्यावर टॉवेल टाकून. खिडकीतल्या क्लार्कने "आप कौन?" विचारलं, तर म्हणाले, "गाव."

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्याकडे गाड्या यायला लागल्या. पलीकडच्या गावांत भातशेतीवर भराव टाकून गोदामं उभी राहिली होती, आणि आता ती रांग आमच्या दिशेने सरकत होती. जमीन बघायला येणाऱ्यांना गावात 'पार्टी' म्हणत. एक पार्टी आमच्याही दारात येऊन गेली. बाबांचं मन हललं. "कधी ना कधी जानारच हाय. आता मागतायत तर देऊन टाकावी," असं ते आईला म्हणत होते.

तेव्हा काकांनी मला बोलावलं आणि ठराव लिहायला सांगितला. तो त्यांनी तोंडी सांगितला, मी शुद्ध भाषेत लिहिला: कोणीही आपली जमीन एकट्याने विकणार नाही किंवा तिच्यावर भराव टाकणार नाही, जे करायचं ते बावीस घरांनी एकत्र बसून. एका जरी शेतात भराव पडला तरी पाण्याची वाट बंद होऊन बाकीची शेतं बुडतील, हे काकांनी मला काडीने जमिनीवर रेघा ओढून समजावलं. मला ते फार मोठं वाटलं. कॉलेजात आम्ही 'व्यवस्थापन' नावाचा विषय शिकत होतो आणि माझ्या गावातला चौथी शिकलेला माणूस तोच विषय काडीने शिकवत होता.

सह्या घ्यायला मी घरोघर फिरले. पहिला अंगठा बाबांचा. त्यांनी विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "काका आहेत ना बाबा. आणि मी लिहिलंय." त्यांनी अंगठा उठवला आणि बोट धोतराला पुसलं. बाकीच्या घरांतही असंच झालं. कोणी कागद वाचला नाही. "तू आनलास म्हंजे बराबर असनार," असं म्हणत म्हाताऱ्या बायकांनीसुद्धा बोटं शाईत बुडवली. एकवीस घरं झाल्यावर मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "माझी शेवटला. उघाडीवाल्यानं सगल्यांच्या मागं उभं ऱ्हावं." मी त्यांच्या नावापुढची जागा रिकामी ठेवली. नंतर पुन्हा मागितली नाही. त्यांच्याकडे सही मागायची म्हणजे देवाकडे ओळखपत्र मागण्यासारखं होतं. एवढी साधी चूक माझ्या हातून झाली, आणि गावात एकालाही ती चूक वाटली नाही.

त्याच थंडीत पुण्यात शेती व्यवसाय व्यवस्थापनाची दोन दिवसांची परिषद होती. आमच्या बांधाविषयी कोणीतरी वर कळवलं असावं. काकांना बोलण्याचं निमंत्रण आलं. विषय मीच लिहून दिला: 'खारजमिनीचं सामूहिक व्यवस्थापन'. पारदर्शक कागदांवर मार्कर पेनाने नकाशे काढले, ठरावाची प्रतही तशाच कागदावर करून घेतली. जायच्या आदल्या दिवशी काका देवळासमोर उभे राहिले. "घरटी एक मानूस! सकाली बस येईल. पुन्याला जायचं हाय." बसचा खर्च त्यांचाच होता. कोणी काही विचारलं नाही. आमच्या घरातून मी जाणार होते, कारण कागद मला दाखवायचे होते. म्हणून बाबा मागे राहिले. बाकीच्या बहुतेक घरांतून कर्ता पुरुषच निघाला. माझ्या सोबतीला सुमन काकी होत्या, काकांच्या बायको.

पुणं मी पहिल्यांदाच बघत होते. सभागृहात इतका गारवा होता की आमच्या गावची माणसं डोक्याला टॉवेल गुंडाळून ओळीने बसली. छातीवर टाचणीने लावायच्या बिल्ल्यांवर सगळ्यांच्या नावाखाली 'प्रगतिशील शेतकरी' छापलेलं. दोघातिघांनी ते खराब होतील म्हणून खिशात ठेवले. मी पहिला नकाशा प्रोजेक्टरवर ठेवला तो उलटा. पडद्यावर शेतं वर आणि खाडी खाली. लोक हसले, माझे कान तापले. काका माइक धरून म्हणाले, "पोरीनं आमचं गाव उलटं केलंय. बरं झालं, आता पानी आपसूक जाईल." सगळं सभागृह पुन्हा हसलं, पण आता माझ्या बाजूने. मी कागद सरळ केला. त्या क्षणी त्यांच्यासाठी मी काहीही केलं असतं.

ते फार सुंदर बोलले. उघाडी, फळ्या, पाळ्या, घरटी एक माणूस. शेवटी मी ठराव पडद्यावर लावला. अंगठे आणि सह्या एवढ्या मोठ्या दिसत होत्या की बाबांच्या अंगठ्यावरची विळ्याची खूणही कळत होती. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "बावीस नावं आहेत, सह्या एकवीस. बाविसावं नाव तुमचंच ना?"

काका हसले. "ताई, मी हितं उभा ऱ्हाऊन बोलतोय. याच्यापेक्षा मोठी सही कंची?" टाळ्या पडल्या. आमच्या गावचे सर्वांत जोरात वाजवत होते. मीसुद्धा.

चहाच्या वेळेला काकांचा मोबाइल वाजला. ते खांबामागे गेले. मी चहाच्या टेबलाजवळ उभी होते, मला फक्त शेवटचं ऐकू आलं, "हां हां, तू घरी जा. आल्यावर बघतो मी." परत आल्यावर म्हणाले, "तुझा बाप व्हता. विचारीत व्हता, पोरगी जेवली का." मला हसू आलं. बाबा गावच्या दुकानातून फोनवर पैसे घालून एवढंच विचारतील? पण बरंही वाटलं. सुमन काकी बाजूलाच होत्या. त्यांनी माझी वेणी उगाच सारखी केली आणि खाली बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतताना काका-काकी भिवंडीच्या नाक्यावरच उतरले. "जरा काम हाय, उद्या येतो," म्हणाले. उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बस गावाकडे वळली तेव्हा अजून उजेड होता. बांधाजवळ आल्यावर पुढे बसलेला कोणीतरी ओरडला, "अरे, ह्यो डोंगर कसला?"

काकांच्या शेतात मुरूम-मातीचे ढीग पडले होते. चर दिसत नव्हता. उघाडीच्या फळ्या उपटून बाजूला टाकल्या होत्या आणि तिच्या तोंडापर्यंत भराव आला होता. एक डंपर रिकामा होत होता. बाबा बांधावर बसले होते. त्यांचा आवाज बसला होता.

बाबांना पहिल्या दिवशी वाटलं होतं, काका नाहीत बघून कोणीतरी त्यांच्या शेतात घुसलंय. ते डंपरसमोर आडवे उभे राहिले होते. "मोरेश्वरचं शेत हाय! त्याला विचारल्याबिगर एक पाटी टाकू देनार न्हाय!" ड्रायव्हर खाली उतरला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "चाचा, उन्होंने ही तो भेजा है. शेठ बोले, दो दिन में निपटा दो, सब लोग पूना गए हैं, कोई नहीं आएगा." बाबांनी विश्वास ठेवला नाही. धावत दुकानात जाऊन काकांना फोन लावला, तुझ्या शेतात चोर शिरलेत म्हणून सांगायला. काका म्हणाले, "हां हां, तू घरी जा." तरी बाबा गेले नाहीत. दोन दिवस ते एकटे काकांचं शेत काकांपासूनच राखत बसले होते.

बसमधून उतरलेली माणसं हातात परिषदेच्या पिशव्या घेऊन उभी होती. कोणीतरी माझ्याकडे न बघता म्हणालं, "सगल्यांच्या सह्या पोरीनं घेतल्या. त्याचं काम झालं." मला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील. ते उठून घराकडे चालायला लागले.

त्या पावसाळ्यात पाणी शेतातून हललं नाही. लावलेलं रोप आठवड्याभरात कुजलं. वास घरापर्यंत यायचा. मग त्याच पार्ट्या पुन्हा आल्या. पाण्याखालची जमीन म्हणून त्या सांगतील तो भाव ऐकायची वेळ आता आमच्यावर होती. एकेक घर जमीन विकत गेलं. कोणी कोणाला विचारलं नाही. बाबांनी विकली नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. लूमवरची रात्रपाळीही ते करू लागले. काका त्या नाक्यावरून गावात परत आलेच नाहीत. भिवंडीत त्यांनी फ्लॅट घेतला असं कळलं.

पुढच्या वर्षी एस.टी. स्टँडवर ते मला भेटले. वज्रेश्वरीच्या बसची वाट बघत बाकावर बसले होते. गुडघे धरले होते, गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकायला चालले होते. मी सवयीने वाकून नमस्कार केला आणि वाकल्यावर मला स्वतःचाच राग आला.

"कितवीला गो आता?" त्यांनी विचारलं.

"शेवटचं वर्ष."

"पेपर बरे जातायत ना?"

मी वर्षभर मनात भांडणं तयार केली होती. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी एवढंच म्हणाले, "काका, तुम्ही सही का केली नव्हती?"

ते दचकले नाहीत. बहुतेक वाटच बघत असावेत. "केली असती तर ती खोटी झाली असती. मी जन्मात खोटी सही केली न्हाय." हे ते अभिमानाने म्हणाले. मग म्हणाले, "ठराव सांगितला तवा मना तसंच वाटत व्हतं. मंग माझ्याकडं पार्टी आली. सगल्यांनी एकदम इकायला काढली असती तर माझी कोन इचारनार व्हतं? तुमी थांबलात, म्हनून माझं जमलं."

"म्हणजे आमच्या सह्या…"

"मी कोनाशी खोटं बोललो न्हाय, पोरी. तू आठव. एक शब्द खोटा काढून दाखव."

मला खरंच आठवावं लागलं. त्यांचं बोलणं मी इतक्यांदा लिहून काढलं होतं की जवळजवळ सगळं पाठ होतं. "पुण्यात बाबांचा फोन आला होता," मी म्हटलं. "तुम्ही मला सांगितलंत, पोरगी जेवली का विचारत होता."

काकांचा गुडघ्यावरचा हात तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच म्हातारपण दिसलं. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

तेवढ्यात वज्रेश्वरीची बस लागली. माणसं दाराकडे धावली. काका लंगडत उठले, खिडकीतून हात घालून खांद्यावरचा टॉवेल सीटवर टाकला आणि वळून म्हणाले, "दोन जागा धरल्यात. चल, बस. वाटेत बोलू." जशी मी त्यांच्याबरोबरच निघाले होते. मी जागची हलले नाही. ते आत जाऊन खिडकीशी बसले. शेजारच्या सीटवर त्यांनी टॉवेल तसाच ठेवला होता. एक बाई बसायला आली तर त्यांनी हाताने नको म्हटलं. बस वळेपर्यंत ती जागा रिकामीच दिसत होती.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी ते गेले. बाबा दहाव्याला जाऊन आले, मी गेले नाही. खरं सांगायचं तर मला त्यांची आठवण येते. कॉलेजात काही चांगलं झालं की अजूनही पहिल्यांदा वाटतं, काकांना सांगावं. मग बाकीचं आठवतं. मला फसवलं म्हणून राग आहेच, पण त्याहून जास्त राग याचा की माझा शब्द त्यांनी वापरला. लोकांनी त्यांच्या शब्दावर नव्हे, माझ्या हातातल्या कागदावर अंगठे उठवले होते.

आता मी एम.कॉम. करते आहे. भरावाखालून मोठा पाइप टाकून पाण्याला वाट द्यावी, म्हणून उरलेल्या नऊ घरांच्या वतीने मी तहसील कचेरीला अर्ज लिहिला. या वेळी सगळ्यांत वर मी आधी माझी सही केली. मग कागद घेऊन बाबांकडे गेले. ते नुकतेच शिफ्टवरून आले होते, केसांत लूमचा कापूस होता. मी शाईचा डबा उघडून त्यांच्यासमोर धरला आणि अर्ज वाचायला सुरुवात केली.

बाबांनी मला हाताने थांबवलं. कागद माझ्या हातातून घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "उद्या कोनाकडनं तरी वाचून घेतो."